दुसऱ्या सदनिकेचा हप्ता भाड्यातून फिटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत 'गुंतवणूक म्हणून दुसरे घर' या विषयावर जे लेख येतात, त्यांपैकी बहुतेकांत एक विधान थोड्याफार फरकाने हमखास सापडते : वीस टक्के पदरचे घाला, उरलेले बँक देईल आणि हप्ता भाडेकरू भरेल. माझी नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली आणि निवृत्तीनंतर सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार या नात्याने भाड्याने दिलेल्या सदनिकांचे हिशेब माझ्या डोळ्यांखालून जात असतात. त्यामुळे या विधानाचा शेवटचा भाग एकदा कागदावर मांडून पाहावा असे वाटले. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास आकड्यांचे परिच्छेद तेवढे राखावेत, ही विनंती.

उदाहरण म्हणून आमच्याच भागातली एक मध्यम आकाराची, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली टू बीएचके सदनिका घेऊ आणि तिची करारनाम्यातली किंमत ८० लाख रुपये धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे कर्ज मिळेल ते जास्तीत जास्त ६४ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के पडते (खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत), ते झाले ५ लाख ६० हजार; नोंदणी शुल्काला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. कर्ज ठरवताना बँक हे दोन्ही खर्च किमतीत धरत नाही. म्हणून 'वीस टक्के पदरचे' म्हणजे १६ लाख हा आकडा पहिल्या पायरीलाच २१ लाख ९० हजारांवर जातो. इमारत बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटीचे आणखी चार लाख. वकिलाची फी, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, पंखे-दिवे-गीझर-जाळ्या हे वेगळेच, आणि ते मी धरलेले नाहीत.

साडेआठ टक्के दराने ६४ लाखांचा वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ५५ हजार ५४० रुपये येतो. आता भाडे पाहू. अशा सदनिकेला महिना २४ हजार मिळतात असे धरले आणि वर्षातला एक महिना भाडेकरू बदलण्यात, रंगकाम करण्यात किंवा नुसत्या वाट पाहण्यात रिकामा गेला, तर हातात येतात २ लाख ६४ हजार. त्यातून संस्थेचे देखभाल शुल्क महिना तीन हजारांनी ३६ हजार, भाड्याने दिल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क अडीच हजारांच्या आसपास, मिळकतकर सोळा हजार, दोन वर्षांतून एकदा द्यावी लागणारी महिन्याभराच्या भाड्याइतकी दलाली वर्षाला वाटून बारा हजार आणि नळ, मोटर, रंग, दुरुस्तीचे पंधरा हजार वजा केले की उरतात साधारण १ लाख ८२ हजार ६००. एकूण ८५ लाख ९० हजारांच्या खर्चावर हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्याही आत बसतो. महिन्याला पंधरा हजार दोनशे रुपये जमा आणि साडेपंचावन्न हजार खर्च, अशी ही जमाखर्चाची वही आहे. मधले चाळीस हजार पगारातून जातात.

'भाडे वाढत जाते, हप्ता तोच राहतो,' असे यावर सांगण्यात येते आणि ते खरेही आहे. मात्र वाढ किती आणि केव्हा, हे कोणी मांडत नाही. निव्वळ भाडे दर वर्षी न चुकता पाच टक्क्यांनी वाढत गेले असे मानले तरी वरच्या उदाहरणात ते हप्त्याच्या बरोबरीला यायला सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागतो आणि कर्ज तर वीस वर्षांतच संपते. म्हणजे कर्जाच्या संपूर्ण मुदतीत असा एकही महिना येत नाही की ज्या महिन्यात भाडेकरूने हप्ता भरला असे प्रामाणिकपणे म्हणता येईल. वाढ सात टक्के धरली तर तो महिना एकोणीस वर्षांनी उगवतो.

दुसरे असे की सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचाच असतो, हे कर्जदाराला माहीत असते पण त्याची खोली माहीत नसते. पहिल्या वर्षी भरलेल्या ६ लाख ६६ हजारांपैकी जवळपास ५ लाख ३९ हजार व्याजात जातात. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता ६६ लाखांहून अधिक रक्कम भरल्यावर मूळ ६४ लाखांपैकी ४४ लाख ८० हजार अजून शिल्लक असतात. कर्ज विभागात असताना दहाव्या वर्षी खात्याचा उतारा मागायला आलेले ग्राहक हा आकडा पाहून आधी लिपिकाने चूक केली असे समजत आणि मग खुर्ची ओढून बसत. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. आणि वरच्या उदाहरणात अगदी सुरुवातीलाच एक लाख रुपये जादा भरले तर शेवटचे नऊ हप्ते, म्हणजे पाच लाख रुपये वाचतात. एवढी साधी गोष्ट कर्ज देणारा स्वतःहून क्वचित सांगतो, कारण व्याज हेच त्याचे उत्पन्न आहे. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेलो असल्यामुळे हे जबाबदारीने लिहितो आहे.

आता प्रश्न उरतो तो किमतीच्या वाढीचा. भाड्यातून तूट येते हे मान्य करूनही लोक सदनिका घेतात ते भाव वाढेल या भरवशावर, आणि तसे करण्यात गैर काही नाही. फक्त त्याला भाड्याची गुंतवणूक म्हणू नये. दहा वर्षांनी सदनिका विकायची ठरवली, तर तोपर्यंत पदरचे २१ लाख ९० हजार आणि (निव्वळ भाडे वरच्याप्रमाणे दर साल पाच टक्क्यांनी वाढते असे धरून) दर महिन्याची तूट मिळून सुमारे साडेपासष्ट लाख घातलेले असतात आणि बँकेचे ४४ लाख ८० हजार देणे असते. एका पैशाचाही नफा न होता केवळ घातलेले परत मिळायला विक्रीची किंमत १ कोटी १० लाखांच्या पुढे जावी लागते. तेच पैसे त्या त्या वेळी सात टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवले असते तर काय झाले असते, हे मांडले तर ठेवीची बरोबरी करण्यापुरती किंमत १ कोटी ४९ लाख व्हावी लागते, म्हणजे सलग दहा वर्षे दर साल सुमारे ६.४ टक्के वाढ. दोन्हीकडचा प्राप्तिकर आणि विकतानाची दलाली मी तूर्त बाजूला ठेवली आहे. ही वाढ अशक्य नाही. पुण्यात याहून वेगाने भाव वाढलेली वर्षे आपण पाहिली आहेत. पण २०१३-१४ पासून पुढची सहा-सात वर्षे शहराच्या अनेक भागांत पुनर्विक्रीचे भाव जवळपास जागच्या जागी होते, हेही पाहिले आहे, आणि त्या काळात हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातच होते.

व्याजदराचा चढउतार हा या हिशेबातला तिसरा अनिश्चित भाग. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशकाशी, बहुधा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांतून निदान एकदा फेरनिश्चित होतात. २०२० मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आला तेव्हा पावणेसात टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळत होते आणि पुष्कळांनी त्याच हिशेबावर दुसरे घर घेतले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहाच महिन्यांत रेपो साडेसहा टक्क्यांवर गेला. बँकांनी बहुतेकांचा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, त्यामुळे घरात कोणाला काही जाणवले नाही; पण ज्याने पावणेसात टक्क्यांनी ६४ लाख घेतले होते त्याचा ४८ हजार ६६० रुपयांचा हप्ता सव्वानऊ टक्क्यांना जवळजवळ सगळाच्या सगळा व्याजात जिरत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावे लागले की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, स्थिर दराकडे जाणे किंवा काही रक्कम आधी फेडणे हे पर्याय द्या. आपल्या खात्यात यांपैकी काय झाले आहे हे कर्जदाराने बँकेकडून लेखी मागून घ्यावे. भ्रमणध्वनीवर आलेल्या एका ओळीच्या संदेशावर वीस वर्षांचा विषय सोडून देऊ नये.

प्राप्तिकराच्या सवलतीचा मुद्दा विक्री कार्यालयांतून आजही जुन्याच पद्धतीने सांगितला जातो. भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट आणि शिवाय कर्जाचे व्याज वजा होते, हे खरे. वरच्या उदाहरणात त्यामुळे पहिल्या वर्षी कागदावर सुमारे ३ लाख ६५ हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात. २०२३-२४ पासून, वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत मात्र हा तोटा पगारातून वजा होत नाही. आज बहुतेक नोकरदारांना नवी प्रणाली फायद्याची पडते, म्हणजे ज्या सवलतीच्या जोरावर त्यांना दुसरे घर विकले जात आहे ती त्यांना मिळणारच नसते. विक्रीच्या वेळच्या करातही २३ जुलै २०२४ पासून फरक पडला : त्या तारखेनंतर घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय नाही.

बांधकाम व्यावसायिकांच्या योजनांबद्दल दोनच गोष्टी लिहितो. 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' या योजनेत कर्ज ग्राहकाच्याच नावावर असते; व्याज भरायचे आश्वासन बिल्डरचे असते. त्याने भरणे थांबवले की बँक ग्राहकाच्या दारात येते आणि थकबाकीची नोंद ग्राहकाच्याच पतमापनावर चढते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यायला सांगितले होते आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहण्याची सूचना केली, तरी नाव बदलून या योजना पुन्हा पुन्हा बाजारात येतात. दुसरी योजना 'तीन वर्षे खात्रीचे भाडे' देणारी. हे भाडे बहुधा आपल्याच खरेदी किमतीत मिळवलेले असते आणि चौथ्या वर्षी खरे भाडे किती आहे ते कळते.

गृहप्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, त्याने ग्राहकाची बाजू नक्कीच भक्कम केली. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, किंमत चटई क्षेत्रावरच सांगावी लागते आणि ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकसकावर राहते. परंतु महारेराचा, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक म्हणजे प्रकल्प वेळेत पूर्ण होण्याची हमी समजणे चूक आहे. महारेराने परताव्याचा आदेश दिल्यावरही पैसे न मिळाल्यास वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे व्हायची असते आणि त्या टप्प्यावर कागद किती सावकाश सरकतात हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. ज्याचे स्वतःचे राहते घर आहे आणि दुसरे घर केवळ गुंतवणूक म्हणून हवे आहे, त्याने बांधकामाधीन प्रकल्पातली ही जोखीम का घ्यावी, हे मला तरी समजलेले नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, पाच-सात वर्षे जुनी, संस्था स्थापन होऊन अभिहस्तांतरण झालेली (म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावावर झालेली) इमारत पाहावी. तिथे जीएसटी लागत नाही, भाडे पुढच्या महिन्यापासून सुरू होते आणि शेजारी कसे आहेत हेही दिसते.

आता व्यवस्थापनाबद्दल, कारण पुरवणीतल्या लेखांत या विषयाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मी पाहिलेली नाही. भाड्याने दिलेली सदनिका हा एक लहानसा व्यवसाय आहे आणि तो दुरून चालत नाही. आमच्या संस्थेत गुंतवणूकदार सभासद पुष्कळ आहेत, काही बेंगळुरूला, काही परदेशात. यांच्यापैकी एकाच्या सदनिकेच्या स्नानगृहातून खालच्या घराच्या छताला ओल आली. आधी ताटाएवढा पिवळा डाग, मग रंगाचे पोपडे, मग पावसाळ्यात खाली बादली. मालकांना व्हॉट्सअॅपवर छायाचित्र पाठवले तेव्हा त्यांचे उत्तर आले, 'भाडेकरूला सांगा'. भाडेकरू म्हणाला, 'मालकांना सांगा'. आणि दोघांनी मिळून 'संस्थेने करावे' असे ठरवले. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळ-सांडपाणी वाहिनीतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, सदनिकेच्या आतल्या स्नानगृहाची किंवा मोरीची सभासदाने, हे त्यांना उतारा पाठवून समजावावे लागले. शेवटी फरशी फोडली तेव्हा नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा सुटलेला निघाला. फोडकाम, जलरोधक थर, नव्या फरशा, वर खालच्या घराचे रंगकाम आणि ज्या दिवसांत स्नानगृह बंद होते त्यांबद्दल भाडेकरूने मागितलेली सूट असे सगळे मिळून मालकांचे दोन महिन्यांचे भाडे गेले. वर दुरुस्तीचे जे पंधरा हजार मी धरले आहेत ते अशा वर्षी पुरत नाहीत.

कराराच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा घरमालकाला बराच अनुकूल आहे, पण तो पाळला तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याउलट नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि अर्ध्या तासात काम होते. एवढे असूनही पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून भागवणारे मालक दर वर्षी भेटतात. लाखांच्या कर्जावर घेतलेल्या मालमत्तेच्या संरक्षणात दीड-दोन हजारांची बचत कशासाठी करायची, हा प्रश्न त्यांना विचारला की ते ओळखीचा भाडेकरू असल्याचे सांगतात. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणेही असेच 'नंतर करू' या सदरात पडते.

संस्थेच्या देण्यांबद्दलही गैरसमज आहेत. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, हा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. त्यापेक्षा अधिक मागणाऱ्या संस्था आहेत आणि मुकाट्याने भरणारे सभासदही आहेत. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती सदनिका भाड्याने दिल्यावर मिळत नाही. म्हणून जुन्या मालकाचे बिल पाहून कराचा अंदाज करू नये. आणि इमारत पंचवीस वर्षांची झाली की लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, बाहेरचा गिलावा यांसाठी जी वर्गणी निघते, तिच्या ठरावाच्या वेळी हे गुंतवणूकदार सभासद सभेला नसतात, आणि बिल गेल्यावर पहिला आक्षेप त्यांचाच येतो. खजिनदार म्हणून हे जरा कडवट लिहिले गेले असेल.

ज्यांना स्थावर मालमत्तेच्या भाड्यात वाटा हवा आहे पण नहाणी ट्रॅप नको आहे, त्यांच्यासाठी भांडवल बाजाराची नियामक सेबी हिच्या नियमांखालच्या रीट न्यासांचा (अनेकांचे पैसे एकत्र करून भाडे देणाऱ्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या न्यासांचा) मार्ग २०१४ पासून कायद्यात आणि एम्बसी ऑफिस पार्क्सच्या नोंदणीमुळे एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात आहे. माईंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया, नेक्सस सिलेक्ट हे त्यानंतरचे. ऐंशी टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि उत्पन्न देणारी असणे आणि वाटपयोग्य रोकडीपैकी नव्वद टक्के युनिटधारकांना वाटणे त्यांना बंधनकारक आहे. एक युनिटसुद्धा घेता येते. हिंजवडीतल्या आणि येरवड्याच्या काही कार्यालयीन संकुलांचे भाडे अशा न्यासांकडे जाते, म्हणजे त्या इमारतींत नोकरी करणारा माणूस कर्ज न काढता त्या भाड्याचा भागीदार होऊ शकतो. युनिटचा भाव खाली येऊ शकतो आणि कंपन्यांनी जागा रिकामी केली तर वाटपही घटते, ही त्यातली जोखीम. मार्च २०२४ पासून लहान आकाराच्या, किमान दहा लाखांच्या गुंतवणुकीच्या 'एसएम रीट'लाही नियम झाले. 'एका मोठ्या इमारतीत अंशतः मालकी' असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याची सेबीकडे नोंदणी आहे का, एवढे आधी विचारावे.

हे सर्व लिहिण्यामागे माझी एक ठोस मागणी आहे आणि तिच्यासाठी आपल्या दैनिकाचे साहाय्य हवे आहे. वरच्या हिशेबात सर्वांत कच्चा आकडा कोणता, तर भाड्याचा. किमतीसाठी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी बाजारमूल्य दरांचा तक्ता, आहे, व्याजासाठी बँकेचे पत्र आहे, कराची पावती आहे. भाडे किती मिळेल हे मात्र लहान गुंतवणूकदाराला विकणारा किंवा दलाल सांगतो, आणि त्या दोघांचेही हित आकडा फुगवण्यात असते. वास्तविक राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे नोंदवलेल्या प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करारातले भाडे, डिपॉझिट, क्षेत्रफळ आणि ठिकाण संगणकावर उपलब्ध आहे. कोणाचेही नाव उघड न करता, विभागवार आणि क्षेत्रफळाच्या गटानुसार सरासरी भाड्याचा गोषवारा दर तिमाहीला प्रसिद्ध करणे या विभागाला अवघड जाऊ नये. रेडी रेकनरचे काम तो दर वर्षी करतोच. त्याशेजारी मुदतीआधी संपुष्टात आलेल्या करारांची संख्या दिली तर सदनिका किती काळ रिकाम्या राहतात याचाही अंदाज येईल. अशी मागणी एकट्या नागरिकाने केली तर तिला पोचपावती मिळते. वृत्तपत्राने लावून धरली तर कदाचित आदेश निघेल.

तोपर्यंत आपल्या पुरवणीपुरते एवढे करता येईल : दुसऱ्या घराच्या गुंतवणुकीवरील प्रत्येक लेखाखाली त्या भागातले प्रत्यक्ष नोंदणीकृत करारांतले दोन-तीन भाड्यांचे आकडे, देखभाल शुल्क, मिळकतकर आणि हप्ता अशी चौकट द्यावी, आणि मजकूर विकसकाने पुरवलेला असेल तर तसे ठळक अक्षरांत छापावे. चौकटीसाठी आमच्या संस्थेतल्या भाड्याने दिलेल्या सदनिकांचे आकडे, सभासदांची संमती घेऊन आणि नावे वगळून, द्यायची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
निवृत्त बँक अधिकारी, सिंहगड रस्ता, पुणे